ऑनलाइन लिलावात चित्र किंवा जुनी वस्तू घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

"लॉट मिळाला! आता खरा आहे का ते कसं तपासू?" असा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. सोबत कॅटलॉगातला फोटो, खाली हसरा इमोजी. (लॉट म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली विकली जाणारी वस्तू.) अशा वेळी काय सांगणार? तपासायचं ते बोलीच्या आधी. लिलावात तुमची बोली शेवटची ठरली की तो करार झाला. इथे 'नको, परत घ्या' चालत नाही, आणि मोबाइलचं कव्हर परत पाठवण्यासारखी सोयही नाही.

चुका बहुतेक क्रमात होतात. लोक आधी बोली लावतात, मग हिशेब करतात आणि सगळ्यात शेवटी वस्तू बघतात. खालचे टप्पे नेमके उलटे आहेत. डोळ्यांपुढे मुंबईची लिलावगृहं ठेवली आहेत: सॅफ्रनआर्ट, अस्तगुरू, पुंडोल्स आणि त्यांच्याहून लहान. खरेदीही आपल्यातल्या माणसाची धरली आहे: पन्नास हजार ते पाच लाखांची. कागदावरची चित्रं, रविवर्मा प्रेसचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी, शिळाछापाची रंगीत चित्रं), पितळी-काशाच्या मूर्ती. कोटींत खेळणारे सल्लागार ठेवतात, त्यांना या लेखाची गरज नाही.

टप्पा १: काय घ्यायचं ते कॅटलॉग उघडण्याआधी ठरवा

हे काम दहा मिनिटांचं आहे, तरी कोणी करत नाही. एका कागदावर तीन ओळी लिहा: कोणत्या प्रकारची वस्तू, जास्तीत जास्त किती मोठी (तुमच्या भिंतीचं माप घ्या, खरोखर टेप लावून), आणि घरी येईपर्यंतचा एकूण खर्च किती झेपेल. तिसरा आकडा टप्पा ६ मध्ये लागेल. तोपर्यंत त्याला हात लावू नका.

मग त्याच प्रकारच्या वस्तूंचे मागच्या दोन-तीन वर्षांतले निकाल बघा. मोठ्या लिलावगृहांच्या साइटवर जुने निकाल फुकट दिसतात. तुलना करताना माध्यम, आकार आणि काळ तिन्ही जुळले पाहिजेत. एकाच चित्रकाराचं कॅनव्हासवरचं तैलचित्र आणि कागदावरचं शाईचं रेखाटन यांच्या किमतीत दहापट फरक सहज असतो.

सावधान: साइटवर छापलेल्या निकालाच्या किमतीत बहुधा खरेदीदाराचा प्रीमियम (लिलावगृह बोलीवर वर घेतं ते कमिशन) धरलेला असतो, तुमच्या बोलीत तो नसतो. '१२ लाखांना गेलं' असं दिसलं आणि प्रीमियम २० टक्के असेल, तर हातोडा १० लाखांवर पडला होता, म्हणजे शेवटची बोली तेवढीच होती. ही वजाबाकी न करता बोली लावणारा माणूस बाजारभावाच्या वर जातो आणि आपण भावातच घेतलं असं समजतो.

टप्पा २: कॅटलॉगातलं वाक्य शब्दाशब्दाने वाचा

कॅटलॉग लिहिणारी माणसं शब्द तोलून वापरतात, कारण पुढे वाद झाला तर तोच शब्द पुरावा असतो.

चित्रकाराचं नाव नुसतं, पूर्ण आणि जन्म-मृत्यूच्या सालांसह दिलं असेल, तर ते चित्र त्याचंच आहे असं लिलावगृह म्हणतंय. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे त्याचं असावं असा अंदाज. 'सर्कल ऑफ' किंवा 'स्कूल ऑफ' म्हणजे त्याच्या आसपासच्या कोणाचं तरी. 'स्टाइल ऑफ' म्हणजे त्या धाटणीचं, कोणीही, कधीही केलेलं. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल. आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'बेअर्स सिग्नेचर'. नुसतं 'साइन्ड' असेल तर सही त्याची असं म्हणणं आहे. 'बेअर्स सिग्नेचर' म्हणजे चित्रावर तशी सही आहे खरी, पण ती कोणी केली हे आम्ही सांगत नाही.

मी स्वतः इथेच आपटलो. काही वर्षांपूर्वी एका लहान ऑनलाइन लिलावात लक्ष्मीचा ओलिओग्राफ अठरा हजारांना घेतला. फोटोत सागवानी चौकट, बुडबुड्यांची जुनी काच, मागे तपकिरी कागद. घरी आल्यावर भिंग लावलं तर आधुनिक छपाईचे ठिपके ओळीने उभे. तणतणत कॅटलॉग पुन्हा उघडला. त्यात लिहिलं होतं: 'रविवर्मांच्या चित्रावरून, जुन्या चौकटीत.' जुनी फक्त चौकट होती. चित्र जुनं असल्याचं त्यांनी कुठेच म्हटलं नव्हतं, ते मी मनात म्हटलं होतं. चौकट अजून आहे, तिच्यात आता आरसा बसवलाय.

साल कसं दिलंय तेही बघा. '१९२०' हे एक, 'सुमारे १९२०' हे दुसरं आणि 'विसाव्या शतकाची सुरुवात' हे तिसरं. जितका शब्द सैल, तितकी खात्री कमी. 'डिस्टिंग्विश्ड कलेक्टरच्या संग्रहातून' या शब्दांची किंमत शून्य धरा.

तपासा: लॉटच्या वर्णनाचं पूर्ण पान आजच पीडीएफ करून ठेवा. लिलावाच्या काही दिवस आधी दुरुस्त्यांची यादी येते आणि वर्णन बदलू शकतं. दुरुस्ती वाचल्याशिवाय बोली नको.

टप्पा ३: वस्तू बघा, तिची पाठ जास्त बघा

लिलाव ऑनलाइन असला तरी प्रीव्ह्यू, म्हणजे लिलावाआधी वस्तू बघायची सोय, बहुतेक वेळा प्रत्यक्ष असतो. पुण्या-नाशिकचा माणूस एक दिवस काढून मुंबईला जाऊन येऊ शकतो, आणि लाखाच्या वर खर्च करणार असेल तर त्याने जावंच. तिथे कोणी दबकून राहायची गरज नाही. 'चौकट काढून दाखवाल का?' असं विचारलं तर चांगलं लिलावगृह दाखवतं. बरोबर दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि खिशातला अतिनील टॉर्च घ्या. वापरण्यापूर्वी परवानगी विचारा.

*कागदावरचं चित्र.* अतिनील प्रकाशात कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० नंतर आली. म्हणजे १९१० सालचं म्हणून दाखवलेलं जलरंग चित्र असं चमकत असेल, तर पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. उलट कागद चमकला नाही म्हणून चित्र जुनं ठरत नाही. जुने कोरे कागद वह्यांतून फाडून वापरले जातात. तांबूस ठिपके, कसरीची भोकं, वाळवीच्या वाटा, घडीच्या रेषा यांची जागा टिपून घ्या. कागद पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला असेल तर तो सोडवणं महागाचं काम आहे. माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली) कडा झाकल्या असतील तर त्या उघड्या करून फोटो मागा, कारण रंग किती उडालाय ते कडेलाच कळतं. माउंटखालचा निळा आणि बाहेरचा निळा यांत फरक दिसला, तर चित्र वर्षानुवर्षं उन्हात होतं.

*ओलिओग्राफ.* भिंगाखाली खऱ्या शिळाछापाचे ठिपके वेडेवाकडे दिसतात. लहान-मोठे, कुठे दाट, कुठे विरळ, कारण ते माणसाने दगडावर हाताने टिपलेले असतात. ऑफसेटचे, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईचे, ठिपके शिस्तीत असतात, निळा-गुलाबी-पिवळा-काळा मिळून लहान लहान फुलं केल्यासारखे. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा, मग आयुष्यात चूक होणार नाही. प्रेसचं नाव-गाव असलेली खालची छापील पट्टी शाबूत आहे का बघा. बऱ्याच प्रतींची ती चौकटीत बसवताना कापलेली असते आणि त्याने किंमत उतरते. प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मागाहून कारला-लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यामुळे पट्टीवर कारला-लोणावळा आणि कॅटलॉगात '१८९४' असेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे. प्रेस विकला गेल्यावरही छपाई बरीच वर्षं चालू राहिली, म्हणून प्रेसचं नाव म्हणजे रविवर्मांच्या देखरेखीखालची प्रत, असंही नाही. जरी-टिकल्या लावलेल्या प्रतींत टिकल्यांचा धागा बघा. नायलॉनचा असेल तर सजावट कालची.

*तैलचित्र.* टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. फुगवटे, दबलेली जागा, मागून लावलेलं ठिगळ सावलीत उभं राहतं. अतिनील प्रकाशात जुनं वार्निश हिरवट दिसतं आणि त्यावर नंतर केलेली रंगाची डागडुजी काळे डाग होऊन उठते. थोडी डागडुजी असणारच. चेहऱ्यावर आणि सहीभोवती असेल तर मात्र थांबा. मग पाठ: कॅनव्हास, खिळे, लाकडी पट्ट्या, जुन्या गॅलरीची किंवा प्रदर्शनाची चिठ्ठी. कॅनव्हास काळपट आणि पट्ट्या कोऱ्या असतील तर त्या का बदलल्या, ते विचारा.

*धातूची मूर्ती.* घरातल्या पूजेच्या मूर्तीची झीज सगळीकडे सारखी नसते. नाक, गुडघे, पायाची बोटं, छातीचा भाग हे रोजच्या अभिषेकाने आणि पुसण्याने गुळगुळीत होतात. कानामागे, बगलेत, प्रभावळीच्या सांध्यात मात्र कुंकू-चंदनाचा दगडासारखा थर बसतो. बाजारात 'जुनी' करून विकलेल्या मूर्तीत झीज सगळीकडे सारखी असते आणि हिरवा गंज पावडरीसारखा बोटाला लागतो. टाकांचंही तेच. खंडोबाचा किंवा भवानीचा टाक खरोखर घराण्यातला असेल तर देवाचं तोंड बोटाने जवळजवळ पुसलेलं असतं.

जाता येत नसेल तर कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा अहवाल, लेखी मागवा. तो फुकट मिळतो. मिळाला की फोन करून एवढं विचारा: चौकट काढून पाहिलीत का? अतिनील प्रकाशात पाहिलीत का? डागडुजी कुठे आहे? मग पाठीचा, सहीचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो मागा, तोही दिवसाच्या उजेडात. 'वयाच्या मानाने चांगली स्थिती' या वाक्यावर समाधान मानू नका, ते शंभर वर्षांच्या फाटक्या कागदालाही लागू पडतं.

सावधान: लॉट 'आहे त्या स्थितीत' विकला जातो. रिपोर्टमध्ये न लिहिलेला दोष नंतर सापडला तर भांडायला फारशी जागा नसते. म्हणून लेखी उत्तर हवं, फोनवरचं पुरत नाही.

टप्पा ४: वस्तू कुठून कुठे फिरली

यालाच प्रोव्हेनन्स म्हणतात. चित्रकाराच्या हातून आजच्या विक्रेत्यापर्यंत वस्तू कोणाकोणाकडे होती, त्याची साखळी. चांगल्या साखळीत कागद असतात: गॅलरीची पावती, प्रदर्शनाच्या कॅटलॉगातला क्रमांक, घरातला जुना फोटो ज्यात ते चित्र भिंतीवर दिसतं, जुन्या लिलावाचा लॉट क्रमांक. वाईट साखळीत गोष्ट असते. संस्थानिकाने आजोबांना भेट दिलेली, मग फाळणीत कागद गेलेले.

प्रमाणपत्रावर डोळे झाकून विसंबू नका. ते कोणी दिलं, ती व्यक्ती त्या चित्रकाराच्या कामाची खरोखर जाणकार आहे का, आणि प्रमाणपत्रावरचा फोटो याच चित्राचा आहे का, हे तीन प्रश्न. नामांकित ठिकाण असलं तरी तपासणी सुटत नाही: २००९ मध्ये चित्रकार सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्या जुन्या कामांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं बघून ही माझी नव्हेत म्हणाले. चित्रकार हयात होता म्हणून कळलं. गायतोंडे, आरा, सूझा हे दिवंगत चित्रकार आता सांगायला येणार नाहीत.

देवादिकांच्या दगडी किंवा धातूच्या जुन्या मूर्ती असतील तर आणखी एक काम. इंटरपोलचं 'आयडी-आर्ट' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात फोटो टाकून चोरीला गेलेल्या वस्तूंच्या यादीशी ताडून बघता येतं. तिथे नाही सापडली म्हणजे चोरीची नाही, असं समजू नका. देवळातल्या कितीतरी चोऱ्यांचा फोटोच नसतो. १९७० च्या आधीचा कागद नसलेली दगडी मूर्ती मी तरी घेत नाही, कितीही सुबक असो.

टप्पा ५: कायद्याची चाळणी

हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर सगळ्यात महाग पडतो तो हाच.

पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ सालचा आहे, लागू झाला १९७६ मध्ये. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू म्हणजे पुरावशेष. हस्तलिखित, पोथी, दस्तऐवजांसाठी मर्यादा ७५ वर्षांची. पुरावशेष विकत घेता येतो, घरात ठेवता येतो, पण देशाबाहेर नेता येत नाही. नेला तर किमान सहा महिन्यांची कैद आहे. शिल्पं, लघुचित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी लागते. तशी वस्तू घेताना नोंदणीचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडे आहे का आणि मालकी बदलल्याची खबर नोंदणी अधिकाऱ्याला कोण देणार, हे लिलावाआधी लेखी विचारा. पुरावशेषांचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, तो क्रमांकही विचारायला लाजू नका.

न्यू जर्सीतल्या भाच्यासाठी किंवा लंडनच्या घरासाठी इथून घेणार असाल तर हे पाठ करा: शंभर वर्षांची अट न लागताही नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर जात नाहीत. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, निकोलस रोरिक, सैलोझ मुखर्जी. कॅटलॉगात अशा लॉटखाली 'निर्यात करता येणार नाही' अशी ओळ असते. ती बारीक अक्षरात असते.

हस्तिदंत, कासवाचं कवच, वाघाचं कातडं, शहातूश (तिबेटी हरणाच्या लोकरीची शाल): हात लावू नका. वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापारही बंद आहे. परदेशी लिलावांत गोव्याचे हस्तिदंती ख्रिस्त आणि मेरी दिसतात आणि गोवेकरांचा जीव त्यात अडकतो, पण ते इथे आणण्याचा विचार सोडून द्या. ब्रिटनमध्येही २०२२ पासून मोजके अपवाद सोडता हस्तिदंताची विक्री बंद आहे. मुठीत किंवा जडावात छोटासा तुकडा असला तरी विचारा. जुन्या तलवारी-कट्यारींसाठी शस्त्र कायद्याचं काय, तेही लिलावगृहाकडून लेखी घ्या.

टप्पा ६: आकडा उलटा काढा

आता टप्पा १ मधला एकूण खर्चाचा आकडा बाहेर काढा. बोली म्हणजे खर्च नव्हे. हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराचा प्रीमियम, वस्तूवर जीएसटी, प्रीमियमवर वेगळा जीएसटी, मग पॅकिंग, वाहतूक, विमा, आणि चित्र असेल तर नवी चौकट किंवा दुरुस्ती.

उदाहरण. बोली ४,००,००० रुपये. प्रीमियम २० टक्के धरला, ८०,०००. चित्रं आणि पुराणवस्तूंवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणून वस्तूवर २०,०००. प्रीमियम ही सेवा, तिच्यावर १८ टक्के म्हणजे १४,४००. बेरीज ५,१४,४००. पॅकिंग-वाहतूक-विमा १२,००० आणि चौकट १५,००० धरली तर ५,४१,४००. चार लाखांचं चित्र जवळपास साडेपाचला घरी येतं.

म्हणून उलटं जा. खिशात एकूण ५,००,००० आहेत. आधी वाहतूक आणि चौकटीचे २७,००० बाजूला काढा, राहिले ४,७३,०००. याला १.२८६ ने भागा (१ अधिक जीएसटीचे ०.०५ अधिक प्रीमियम व त्यावरच्या कराचे ०.२३६). उत्तर साधारण ३,६७,०००. ही तुमची कमाल बोली. प्रीमियमचा दर लिलावगृहाप्रमाणे बदलतो आणि काही लॉटना कर वेगळ्या पद्धतीने लागतो, परदेशातून आलेल्या लॉटवर आयात शुल्कही पडतं. त्यासाठी लॉट क्रमांकाशेजारची चिन्हं आणि शेवटच्या पानावरच्या अटी बघा आणि भागाकार त्या दराने करा.

दहा लाखांवरच्या कलाकृतीवर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर) वसूल होतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण त्या दिवशी खात्यातून जातोच.

तपासा: हा आकडा कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. लिलावाच्या संध्याकाळी त्या माणसाचा उपयोग होतो. आमच्याकडे हे काम बायकोकडे आहे आणि ती दयामाया दाखवत नाही.

टप्पा ७: नोंदणी

किमान चार-पाच दिवस आधी. पॅन, पत्त्याचा पुरावा, कधी बँकेचा दाखला, नव्या माणसाकडून कधी अनामत. लिलावाच्या दिवशी दुपारी अर्ज केला आणि मंजुरी रात्री आली, हे रडगाणं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. नोंदणी ज्याच्या नावाने, पावती त्याच्याच नावाने निघते. मुलीच्या नावावर हवं असेल तर मुलीने नोंदवावं.

टप्पा ८: बोली

एस्टिमेटचे, म्हणजे लिलावगृहाने छापलेल्या अंदाजे किमतीचे, दोन आकडे असतात, खालचा आणि वरचा. रिझर्व्ह म्हणजे ज्याखाली विक्रेता देणार नाही ती गुप्त किंमत. ती सहसा खालच्या एस्टिमेटएवढी किंवा त्याहून कमी असते. सुरुवातीची बोली फार कमी दिसली म्हणून हरखू नका.

मला विचाराल तर कमाल बोली आधीच सिस्टिमवर टाकून ठेवावी. समोरून बोली येईल तशी सिस्टिम तुमच्या वतीने एकेक पायरी चढते आणि तुमच्या आकड्यावर थांबते. गरजेपेक्षा जास्त जात नाही. दोघांचा कमाल आकडा सारखाच असेल तर बहुधा आधी टाकणाऱ्याला मिळतं. बोलीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, मधला आकडा स्वीकारला जात नाही. तुमचे ३,६७,००० असतील आणि पायरी ३,६०,००० नंतर थेट ३,८०,००० असेल तर तुमचा आकडा ३,६०,००० आहे. वर जायचं नाही.

शेवटच्या सेकंदाला झडप घालायची युक्ती इथे चालत नाही. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की लॉटची वेळ वाढते, पुन्हा बोली आली की पुन्हा वाढते. कधी कधी एक लॉट तासभर चालतो आणि त्या तासात माणसं वेडी होतात. समोरच्याला बघून घेतो, एवढंच डोक्यात उरतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

सावधान: एकाच वेळी तीन लॉटवर कमाल बोली टाकलीत तर तिन्ही मिळू शकतात. 'एक तरी मिळेल' म्हणून टाकलेल्या तिन्हींचं बिल येतं.

लॉट विकला गेला नाही तर विषय संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. रिझर्व्ह गाठलं न गेल्याने परत गेलेले लॉट पुष्कळदा लिलावानंतरच्या बोलणीत मिळतात, आणि तिथे स्पर्धेला कोणी नसतं.

टप्पा ९: पैसे आणि ताबा

इनव्हॉइस आलं की आधी वर्णन वाचा. चित्रकाराचं नाव, माध्यम, माप, साल कॅटलॉगाप्रमाणेच आहे का? 'वन पेंटिंग' एवढंच लिहिलेली पावती परत पाठवा आणि पूर्ण मागा.

पैसे बँकेतूनच. दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायला कायद्यानेच बंदी आहे, 'अर्धे रोख दिलेत तर बघू' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. आणि 'आमचा खाते क्रमांक बदललाय' अशी ईमेल आली तर छापील कॅटलॉगातल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. ईमेल फोडून मधल्या मध्ये पैसे वळवणारे लिलावाच्या तारखा बघून बसलेले असतात.

पैसे भरायची मुदत थोडीच असते. ती उलटली की व्याज, आणि वस्तू उचलली नाही तर गोदामाचं भाडं. जोखीम तुमच्याकडे कोणत्या क्षणी येते, हातोड्याला, पैसे भरल्यावर की ताबा घेतल्यावर, हे अटींत बघा आणि विमा त्या क्षणापासून घ्या.

साधा कुरिअर नको. काचेच्या चौकटीवर आडवी-उभी चिकटपट्टी लावायला सांगा म्हणजे काच फुटली तरी कागदावर पडत नाही. काच नसून अ‍ॅक्रिलिक असेल तर चिकटपट्टी नको. मूर्ती प्रभावळीला धरून कधीच उचलायची नाही, बुडाला हात.

टप्पा १०: घरी आल्यावर

पेटी उघडताना व्हिडिओ करा, न थांबवता. काही मोडलं असेल तर त्याच दिवशी लिहून कळवा, कारण विम्याच्या दाव्याची मुदत छोटी असते. पावसाळ्यात पेटी एक रात्र खोलीत तशीच राहू द्या आणि सकाळी उघडा.

भिंत निवडताना पश्चिमेची, पावसाचा मार खाणारी भिंत टाळा, तशीच न्हाणीघराच्या पाठीची. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते. कागदावरच्या चित्राचं जुनं पिवळं पुठ्ठ्याचं माउंट बदलून आम्लविरहित बसवा. मात्र मागच्या चिठ्ठ्या, शिक्के, खडूचे आकडे काढू देऊ नका. चौकटवाला सवयीने सगळं साफ करून देतो. त्याला आधी बजावा आणि चौकट सुटेल तेव्हा समोर उभे राहा.

पितळी-काशाची मूर्ती दिवाळीच्या उत्साहात चिंच किंवा पितांबरीने घासू नका. सत्तर-ऐंशी वर्षांत चढलेला तो काळसर रंग एका सकाळी जातो आणि त्याच्याबरोबर निम्मी किंमत. मऊ सुती फडकं, कोरडं, बस.

शेवटी एक फाइल करा. इनव्हॉइस, पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा, कॅटलॉगचं पान, कंडिशन रिपोर्ट, झालेली सगळी ईमेलं छापून, नोंदणीचा कागद असेल तर त्याची प्रत, आणि पाठीचे फोटो. चित्र-शिल्पांना घरगुती सामानाची सूट नाही, विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो आणि तेव्हा खरेदीची पावतीच मागतात. फाइल कपाटात कुठे आहे, ते मुलांना सांगून ठेवा.